फार्नबरो १९५२ : वळताना मोडलेलं विमान

अवकाळी (धागाकर्ता)

मंडळी, २०२५ च्या नोव्हेंबरात दुबईच्या एअर शोमध्ये आपलं तेजस पडलं, विंग कमांडर नमांश स्याल गेले. त्या रात्री इथे गप्पांत कुणीतरी चिडून विचारलं होतं, माणूस गेल्यावर थोड्या वेळाने कार्यक्रम परत सुरू कसा होतो? मी "फार्नबरो वाचा" एवढं टाकून पळ काढला. मग दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून कान उपटले, की बाबा तूच लिही. म्हणून ही जिलबी. गोड नाहीये, आधीच सांगतो.

फार्नबरो हे लंडनच्या नैर्ऋत्येला, हॅम्पशरमधलं गाव. ब्रिटनची सरकारी विमान-संशोधन संस्था तिथे होती आणि त्याच धावपट्टीवर सप्टेंबरात विमान कारखानदारांची जत्रा भरायची. आठवडाभर गिऱ्हाइकांसाठी आणि पाहुण्यांसाठी, शनिवार-रविवार तिकीट काढून येणाऱ्या साध्या लोकांसाठी. १९५२ साली तिथे साखर अजून रेशनवर होती. युद्ध संपून सात वर्षं झालेली, खिशात पैसा बेताचा, पण आकाशात दर वर्षी नवं जेट. टेस्ट पायलटांचे फोटो पोरं वहीत चिकटवायची. शनिवार, ६ सप्टेंबरला सव्वा लाखाच्या आसपास माणसं जमली होती. धावपट्टीच्या एका अंगाला टेकाड होतं. तिथून सगळं नीट दिसतं म्हणून जागा पकडायला लोक सकाळीच जात.

त्या दिवसाचं मोठं आकर्षण होतं डी हॅविलँड कंपनीचं डीएच ११०. दोन इंजिनं, दोन माणसं, मागे कललेले पंख आणि शेपटीला दोन दांडे. रात्री आणि ढगाळ हवेत शत्रूची विमानं गाठण्यासाठी बनवलेलं लढाऊ विमान. तोवर दोनच नमुने तयार होते. पायलट जॉन डेरी, वय ३०. शेजारी निरीक्षक टोनी रिचर्ड्स, वय २५.

डेरीबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण पुढे त्याच्यावरच बोट दाखवणारे निघतात. माणूस युद्धात आधी रेडिओ सांभाळणारा आणि तोफा चालवणारा होता, पायलट नंतर झाला, टायफून विमानं चालवली. मग डी हॅविलँडमध्ये आला आणि वाट्याला आलं डीएच १०८. आडवी शेपटी नसलेलं हे विमान ध्वनीच्या वेगाजवळ काय होतं ते पाहायला बनवलेलं. अशी विमानं झाली तीनच. तिन्ही पडली, तिन्हींनी माणूस घेतला. पहिला गेला तो मालकाचाच मुलगा, धाकटा जेफ्री डी हॅविलँड, २७ सप्टेंबर १९४६ ला थेम्सच्या मुखावर. बाकीचे दोघे १९५० मध्ये. याच जातीच्या विमानात डेरीने एप्रिल १९४८ मध्ये १०० किलोमीटरच्या बंद फेरीचा वेगाचा विक्रम केला, ताशी ६०५ मैल. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याने साउंड बॅरिअर, म्हणजे ध्वनीचा वेग, ओलांडला. तो ओलांडणारा पहिला ब्रिटिश तोच असं मानलं जातं. थोडक्यात, असल्या विमानातून जिवंत उतरलेला माणूस.

आता तो दिवस. आठवडाभर दुसरा नमुना उडत होता, काळा रंगवलेला, क्रमांक डब्ल्यूजी २४०. शनिवारी तो बिघडला. डेरी आणि रिचर्ड्स हॅटफिल्डच्या कारखान्यात गेले आणि पहिला, चंदेरी नमुना डब्ल्यूजी २३६ घेऊन ऐन वेळेवर फार्नबरोवर पोचले. वर ४०,००० फुटांवरून सूर मारला, स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त, वेग घेतला, त्याचे धमाके खाली ऐकू आले, लोक खूश. जे धोक्याचं वाटतं ते पार पडलं होतं. मग विमान खाली आलं, धावपट्टीवरून सुसाट गेलं आणि डावीकडे मोठं वळण घेत प्रेक्षकांच्या दिशेने फिरलं. वेग ताशी साधारण ८३० किलोमीटर. वळण संपवत, सरळ होत डेरी वर चढू लागला आणि विमान मोडलं.

आधी उजव्या पंखाचा बाहेरचा भाग, लगेच डाव्याचा. विमानाचं नाक उसळलं आणि कॉकपिट, दोन्ही इंजिनं, शेपूट सगळं सुटं झालं. हे सगळं एका सेकंदाच्या आत. फिल्म आहे, पण मी दुवा देत नाही. कॉकपिट प्रेक्षकांच्या पुढ्यात पडलं. दोन इंजिनं मात्र आपल्या वेगाने पुढे जात राहिली आणि त्यातलं एक थेट त्या टेकाडावर, गर्दीत घुसलं. प्रेक्षकांतले २९ गेले, विमानातले दोघे. साठेक जखमी.

जखमींना हलवलं, धावपट्टीवरचे तुकडे उचलले आणि मग पुढचं विमान उडालं. टेस्ट पायलट नेव्हिल ड्यूकने हॉकर हंटर हे लढाऊ जेट वर नेलं, त्याच आकाशातून सूर मारला, तसाच धमाका केला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान चर्चिलनी त्याला चार ओळींची चिठ्ठी लिहिली, तुला माझा सलाम म्हणून, आणि खाली सही करताना "दुःखात" असं लिहिलं. रविवारचा कार्यक्रमही झाला. गर्दी लोटली.

मला या गोष्टीत सतावतं ते टेकाड. ड्यूक उडाला ते समजू शकतो, डेरीचं आणि त्याचं काम एकच, पत्करलेली जोखीम एकच. टेकाडावरच्यांनी काही पत्करलं नव्हतं. त्यांनी तिकीट काढलं होतं. आणि या गोष्टीच्या बहुतेक सांगण्यांत डेरी, ड्यूक, चर्चिल अशी तीन नावं येतात आणि टेकाडावरचे २९ म्हणजे नुसता आकडा. बघा ना, मीही तेच केलं.

—

केवडा

लिहिलंयस छान पण वाचून पोटात खड्डा पडला. आणि "ड्यूक उडाला ते समजू शकतो" हे मला नाही समजत. टेकाडावर माणसं पडली आहेत आणि वरून तसाच धमाका? जो वाचला त्याच्या कानांना काय वाटलं असेल? दुबईत अमेरिकेच्या एफ-१६ वाल्यांनी आपलं उड्डाण रद्द केलं होतं, जाहीर लिहिलं पण होतं त्यांच्या पायलटने. माझ्या मते माणूसपण ते.

—

हापूस

वाचतोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

—

अवकाळी

@हापूस, अहो एवढंच आहे. पुढचा भाग नाही.

@केवडा, तुझ्या जागी मीही असतो कदाचित. एक बाजू फक्त मांडतो. सव्वा लाख माणसं एकदम फाटकाकडे निघाली असती तर अ‍ॅम्ब्युलन्स कुठून गेल्या असत्या? लोकांना जागेवर धरून ठेवायला काहीतरी चालू ठेवणं, हा विचार अगदीच निर्दयी म्हणता येत नाही. पण धमाका करायलाच हवा होता का, याला माझ्याकडे उत्तर नाही.

—

केवडा

गर्दीचं पटलं. धमाक्याचं नाही.

—

पत्रेवाला काका

अवकाळी, पंख का मोडला ते तू दोन ओळीत तरी लिहायला हवं होतंस. लेखाच्या नावात "मोडलेलं" आणि आत कारणच नाही! मी नाशिकजवळच्या विमान कारखान्यात ३१ वर्षं पत्र्याचं काम केलं, आता निवृत्त. माझ्या परीने सांगतो, चुकलं तर इंजिनिअर लोकांनी कान धरावा.

पंखाच्या आत एक मुख्य तुळई असते, तिला स्पार म्हणतात. स्पारच्या पुढचा भाग, म्हणजे जी कड हवेला आधी भिडते, तो पत्र्याचा वाकवलेला असतो. स्पार आणि तो पत्रा मिळून इंग्रजी डी अक्षरासारखी पेटी तयार होते. पंखाला हवा पिळते, ती पीळ ही पेटी सोसते. आमच्याकडे नवीन पोरांना मी कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन हातात द्यायचो. म्हणायचो, पीळ. पिळतात, कॅन दाद देत नाही. अजून जोर लावतात आणि एक बारीक सुरकुती पडते. त्या सुरकुतीनंतर त्याच कॅनला दोन बोटांनी पिळता येतं. पत्रा फाटलेला नसतो, कुठे तडा नाही, फक्त आकार गेला. आणि पातळ पत्र्याची ताकद सगळी आकारात.

डी हॅविलँडने हीच पेटीची रीत व्हॅम्पायर आणि व्हेनम या आधीच्या विमानांत वापरली होती आणि तिथे ती उत्तम चालली. डीएच ११० जड, पंख मागे कललेले, वेग कितीतरी जास्त. चौकशीत निघालं ते असं, की वळणातून बाहेर येताना एकाच वेळी सरळ होण्यासाठी कलणं आणि वर चढणं, असे दोन ताण एकत्र आले. उजव्या पंखाच्या बाहेरच्या भागात पुढचा पत्रा मुरडला आणि पुढे सगळं कॅनसारखं. नुसतं सरळ सूर मारताना हा पीळ तसा येत नाही, म्हणून वरून खाली येताना काही झालं नाही.

हे व्हॅम्पायर आपल्या हवाई दलात १९४८ पासून होते बरं का. आपलं पहिलं जेट. बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टने परवान्यावर बनवले. आमच्या खात्यातले एक जुने गृहस्थ तिथूनच आले होते. ते सांगायचे, व्हॅम्पायरचा पुढचा भाग लाकडाचा असे, प्लायवुडचा. आम्हाला खोटं वाटायचं. खरं होतं.

—

गोफणगुंडा

काकांना दंडवत _/\_ कॅनचं उदाहरण उद्या वर्गात वापरणार.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझी नजर इंजिनांवर गेली. ती गर्दीत "का" गेली? लोक म्हणतात नशीब. नशीब नाही, गोफण आहे. ज्वारी राखताना गोफण फिरवलेल्यांना माहीत असेल, दोरी सोडली की दगड गोल फिरत नाही, सुटला त्या क्षणी ज्या दिशेला होता तिकडे सरळ जातो. विमान वळण घेऊन गर्दीकडे तोंड करून आलं होतं. तुकडे सुटले ते त्याच रोखाने. तेच विमान धावपट्टीला समांतर जाताना मोडलं असतं तर बहुतेक लोखंड मोकळ्या मैदानात पडलं असतं.

ब्रिटनमध्ये नंतर नियम झाले ते याच हिशोबाने. जेट सरळ जात असेल तर गर्दीपासून किमान २३० मीटर, कसरत करत असेल तर ४५० मीटर, आणि १५० मीटरच्या खाली यायचं नाही. वळणाला अंतर जवळजवळ दुप्पट, बघा.

नियम सगळीकडे इतक्या लवकर पोचले नाहीत. १९८८ साली जर्मनीत रामस्टाइनला इटलीच्या पथकाचं एक विमान तोंड गर्दीकडे असतानाच दुसऱ्यांवर आदळलं, ७० गेले. २००२ मध्ये युक्रेनमध्ये ल्विव्हजवळ सुखोई-२७ गर्दीत घुसलं, ७७. तिथे दोन्ही पायलट बाहेर पडून वाचले.

—

तिरपा डोळा

सगळे डेरीला हुतात्मा करताय. माझं मत वेगळं. ऐन वेळेला दुसरं विमान आणायचं, घाईत उडायचं, लोकांच्या डोक्यावरून वळवायचं, हा स्टंटच झाला. आणि याच अपघाताने कंपनीची ऑर्डर गेली, रॉयल एअर फोर्सने मग ग्लॉस्टर कंपनीचं जॅव्हलिन विमान घेतलं. म्हणजे नुकसानच.

—

अवकाळी

@तिरपा डोळा, क्रम उलटा लावलात. जॅव्हलिनची निवड १९५२ च्या उन्हाळ्यातच झाली होती, जुलैमध्ये. अपघात सप्टेंबरातला. फार्नबरोला डीएच ११० उडत होतं तेव्हा ते हवाई दलाच्या शर्यतीत हरलेलंच होतं. खरं तर म्हणूनच जोरात दाखवणं भाग असेल, पण हा माझा तर्क, पुरावा नाही.

स्टंटचं म्हणाल तर पंचांसमोर चौकशी झाली, त्यांनी डेरीवर दोष ठेवला नाही. दोघे नेहमीचं काम करताना अपघाताने गेले, असा निर्वाळा. ते वळण त्या विमानाने आधीही घेतलं होतं, त्या काळच्या नियमांत बसत होतं. नियमच तोकडे होते हे वेगळं. आणि विमान "घाईत" आणलं याचा मोडण्याशी संबंध नाही, कारण कुठली दुरुस्ती राहिली म्हणून ते मोडलं नाही. काकांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा. चूक कागदावर, आराखड्यातच होती.

हे कळलं कसं, तर जमलेल्या लोकांमुळेच. प्रेक्षकांनी काढलेले फोटो आणि हौशी कॅमेऱ्यांतली फिल्म तपासात कामी आली. कुठला पंख आधी गेला ते त्यावरून ठरवता आलं. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे म्हणून नवल वाटत नाही. तेव्हा वाटायचं.

—

तिरपा डोळा

जुलैचं माहीत नव्हतं. मान्य. गर्दीकडे तोंड करून वळणं मला तरीही पटत नाही, नियमात असलं तरी.

—

सांगलीकर बापू

अवांतर: १९५२ चा तोच उन्हाळा म्हणजे आमच्या विजय हजाऱ्यांचा संघ इंग्लंडात होता तो. लीड्सला दुसऱ्या डावात ४ बाद ०! फ्रेड ट्रूमनची पहिलीच कसोटी. आमचे आजोबा रेडिओजवळ बसून जेवायचे विसरले होते म्हणे. एकाच देशात, एकाच उन्हाळ्यात काय काय चाललेलं असतं. चालू द्या.

—

पत्रेवाला काका

बापू, धागा मैदानातून बाहेर नेऊ नका :) पण लॉर्ड्सला विनू मांकडने जे केलं ते पण लिहा की मग.

—

मीनल_ताई

माहितीपूर्ण धागा. मला एक वेगळंच आठवलं. मुंबईत मरीन ड्राइव्हला हवाई दलाची प्रात्यक्षिकं झाली तेव्हा आम्ही कठड्यावर पोरांना घेऊन बसलो होतो. विमानं सगळी समुद्रावर. मुलगा कुरकुरला, "आई, जवळ का नाही येत?" मी सांगितलं की आवाजाचा त्रास होईल म्हणून. आता कळलं खरं उत्तर काय द्यायला हवं होतं. दिलं असतं की नाही कोण जाणे, सहा वर्षांचा होता.

आणि विमानाने अंतर पाळलं तरी गर्दी ती गर्दीच. २०२४ च्या ऑक्टोबरात चेन्नईत मरीना किनाऱ्यावर विमानं बघायला लोटलेल्या गर्दीत पाच जण दगावले. उन्हाने. एकही विमान पडलं नव्हतं.

—

गोफणगुंडा

@मीनल ताई, मुलाला आता सांगा. गोफणीसकट.

—

निंबोणी

मला तांत्रिक कळत नाही फारसं, पण डी हॅविलँड हे नाव वाचलं आणि वाटलं ही तीच का, कॉमेटवाली? कलकत्त्याजवळ पडलेलं?

—

अवकाळी

हो, तीच. जगातलं पहिलं प्रवासी जेट. मे १९५२ मध्ये सेवेत आलं, म्हणजे फार्नबरोच्या चारच महिने आधी. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ ला, कलकत्त्याहून उडालेलं कॉमेट वादळात मोडलं, ४३ गेले. मग १९५४ मध्ये आणखी दोन, एल्बाजवळ आणि नेपल्सजवळ समुद्रात. त्या दोन अपघातांचं कारण शोधायला फार्नबरोच्याच संस्थेने अख्खं विमान पाण्याच्या हौदात ठेवून त्यात दाब भरला, काढला, परत भरला, ते पत्रा फाटेपर्यंत. ती धातूच्या थकव्याची गोष्ट, डीएच ११० ची वेगळी. दोन्हींची सरमिसळ करू नये, पण एका कंपनीने दोन वर्षांत काय काय पाहिलं ते बघा. पत्रेवाल्या काकांनी कॉमेटवर वेगळा धागा काढावा असं सुचवतो.

—

पत्रेवाला काका

गुडघा बरा झाला की काढतो.

—

केवडा

एक शंका राहिली. ते काळं विमान, डब्ल्यूजी २४०, त्या शनिवारी बिघडलं नसतं तर? सगळे वाचले असते ना?

—

अवकाळी

मीही बरेच दिवस असंच समजत होतो. पण पंख दोन्हींचे एकाच आराखड्याचे. अपघातानंतर डब्ल्यूजी २४० जमिनीवर ठेवलं, पंख मजबूत केले, मगच परत उडवलं. त्यातून पुढे ब्रिटिश आरमाराचं लढाऊ विमान सी व्हिक्सन निघालं, १९५९ ते १९७२ विमानवाहू जहाजांवर राहिलं.

त्या आठवड्यात रोज तेच काळं विमान त्या टेकाडासमोर उडत होतं, केवडा. जुन्याच पंखांनी.